दगडांची खेप

ट्रकखालून आधी सेवेरोचे बूट बाहेर आले, मग गुडघे, मग पोट आणि सगळ्यात शेवटी तोंड. ते तोंड बघूनच आनाक्लेतोला काय ते कळलं.

"बोल," तो तरी म्हणाला.

सेवेरोने उठून बसत चिंधीने बोटं पुसली. एकेक बोट, सावकाश. "कोंपाद्रे, अॅक्सल बदलावा लागेल. नुसतं सील नाही. अख्खा मागचा अॅक्सल."

"दोनदा सील घातलं की आपण."

"म्हणूनच म्हणतो. दोनदा नवं सील घालूनही तेल गळतं म्हणजे दोष सीलमध्ये नाही. अॅक्सलची नळी वाकलीय. मागच्या वर्षी मोरीत चाक घातलं होतंस, तेव्हाच वाकली असणार. आज गळतंय, उद्या ब्रेक अजिबात लागणार नाही. उतारावर, माणसं बसलेली असताना." त्याने चिंधी खिशात घातली. "शहरात जुना अॅक्सल मिळेल. पण शनिवारी आगाऊ रक्कम पाठवावी लागेल. माझी मजुरी राहू दे, ती बघू नंतर."

त्याने आकडा सांगितला. आनाक्लेतोने तो मनातल्या मनात बैलांत मोजला. दोन्ही बैल, आणि वर थोडं.

आनाक्लेतोच्या थोरल्या मुलीला बाप्तिस्म्याच्या वेळी सेवेरोने हातावर घेतलं होतं. तेव्हापासून दोघं एकमेकांचे कोंपाद्रे. इथे सख्ख्या भावाशी भांडता येतं, जमिनीवरून कोर्टातही जाता येतं. पण कोंपाद्रेला 'तू चुकतोयस' म्हणायची पद्धत नाही. आनाक्लेतोने मान हलवली, टोपी घातली आणि ट्रक सुरू केला. सेवेरोने पेट्रोलने ब्रेक धुऊन दिले होते. "रिकामाच ने," तो ओरडून म्हणाला, "आणि हळू!"

गावी पोचेस्तोवर ऊन कलायला आलं होतं. त्याची बायको कासिमिरा शेतातच होती. काढलेल्या बटाट्याचे ढीग तिने गवताने झाकले होते आणि वर दगड ठेवत होती. रात्री हिव पडायचं. उघडा राहिलेला बटाटा सकाळी काळा पडतो, मग त्याला वाळवून, तुडवून वर्षभर खायचं एवढंच उरतं. बाजारात तो चालत नाही. ढीग त्यांचे होते तसे शेजाऱ्यांचेही होते. सगळ्यांचा माल आनाक्लेतोच्या ट्रकमधून जायचा.

तो बोलायच्या आत ती म्हणाली, "रिकामे हात लोंबतायत म्हणजे वाईट बातमी."

त्याने सांगितलं. तिने हातातला दगड खाली ठेवला नाही. ऐकता ऐकता तो पोटाशी धरून उभी राहिली.

"पिंतो आणि मोरो," ती म्हणाली. "दोन्ही बैल."

"दुसरं काय आहे आपल्याकडे?"

"आणि पेरणीला नांगर कोण ओढणार? तू आणि मी? मी डावीकडे जुंपून घेते, माझी हरकत नाही. तू उजवीकडे. सेवेरोला म्हणावं, चाबूक घेऊन ये."

"कासिमिरा."

"भाड्याचे बैल आपल्या रानात कधी येतात ठाऊक आहे ना? सगळ्यांचं झाल्यावर. ओल गेल्यावर." तिने दगड ढिगावर ठेवला, दाबून बसवला. "लासारोला दाखव."

आनाक्लेतोने इकडेतिकडे पाहिलं. शेतात कुणी नव्हतं, तरी पाहिलं.

लासारो आणि सेवेरो एकाच उस्तादाच्या हाताखाली शिकले होते. पुढे सेवेरोने खाली बाजारगावात गॅरेज घातलं, लासारोने वर खिंडीत. कधीतरी एकाने दुसऱ्याची इंजिन उचलायची चेनपुली मागून नेली आणि परत आली तेव्हा तिचा आकडा वाकलेला होता. तो वाकवला कुणी यावर दोघांचं आजवर एकमत झालेलं नव्हतं, आणि तेव्हापासून बोलणंही नव्हतं.

"लासारो काय सांगणार?" आनाक्लेतो म्हणाला. "सेवेरो उजवं म्हणाला तर तो डावं म्हणणार. सेवेरोचं नाक कापायला मिळालं तर तो फुकटही काम करेल."

"फुकट तर फुकट."

"आणि सेवेरोच्या कानावर गेलं तर? मी त्याला लबाड म्हटल्यासारखं होईल."

"बटाटा विकायला गेलास की तीन व्यापाऱ्यांना भाव विचारतोस. एकही व्यापारी तुझ्या दारात येऊन रडला नाही अजून. अॅक्सललाच तेवढा एक माणूस का?" तिने हात झाडले. "मी काय म्हणते ऐक. शनिवारी पहाटे मी बैल घेऊन पायवाटेने बाजारात जाते. कसाई दुपारी घरी निघतात. तोवर तू नाही आलास तर विकते आणि पैसे तुझ्या कोंपाद्रेच्या हातावर ठेवते. आलास तर बघू. मधला एक दिवस तुझा आहे. लाजायला वापर नाहीतर ट्रकला वापर."

जेवताना ती त्यावर पुन्हा बोलली नाही. उकडलेले बटाटे, बाकल्याच्या शेंगा आणि रोकोतो मिरचीचा ठेचा. ठेचा तिने, रागात असली की करते तसा, झणझणीत वाटला होता.

शुक्रवारी सकाळी त्याने ट्रक काढला. गावातून रस्ता नदीच्या पुलापर्यंत उतरतो, मग खिंडीपर्यंत सलग चढतो. खिंडीत एक सिमेंटचा क्रूस, चहाची टपरी आणि लासारोचं पत्र्याचं गॅरेज, एवढीच वस्ती. पलीकडे उतार सुरू होतो तो थेट बाजारगावापर्यंत. याच उतारावर, कार्निव्हलनंतर थोड्याच दिवसांनी, मागच्या चाकातून पहिल्यांदा धूर निघाला होता.

लासारो टपरीवर पाव खात बसला होता. काटकुळा, डोळ्यांवर दोरीने बांधलेला चष्मा. त्याने ट्रककडे पाहिलं, मग आनाक्लेतोकडे.

"रस्ता चुकलास का? तुझा मिस्त्री खाली आहे."

"लासारो मिस्त्री, जरा मागचा अॅक्सल बघता का?"

"तो काय म्हणाला?"

आनाक्लेतोने वाटेत ठरवलं होतं की हे सांगायचं नाही. "तुम्ही आधी बघा."

लासारोला ते आवडलं असावं. त्याने पाव संपवला, चहाही संपवला. उठला मात्र नाही. "तेल कुठून गळतं?"

"आधी डाव्या चाकातून गळत होतं. सील बदललं. मग उजव्या. ते बदललं. आता परत डाव्या."

"म्हणजे दोन्हीकडून. गळतं कधी? उभं असताना?"

"उभं असताना थेंब नाही. माल भरून खिंड चढलो की."

"आणि तुझा मिस्त्री बघतो कधी?"

"सकाळी. आदल्या दिवशी लावून जातो, तो सकाळी बघतो."

"गार," लासारो म्हणाला. मग त्याने उठून ट्रकमध्ये डोकावलं आणि कपाळाला हात लावला. "रिकामा घेऊन आलास होय रे माझ्याकडे? ताप उतरल्यावर पोराला दवाखान्यात नेतोस का? जा. पुलापर्यंत खाली जा, माल भर, आणि न थांबता वर ये. मग बघतो."

"माल गावात आहे. एवढा उलटा जाऊन..."

"नदीत दगड आहेत. देवाने फुकट ठेवलेत."

आनाक्लेतो पहिल्या गिअरमध्ये पुलापर्यंत उतरला आणि ट्रक नदीच्या पात्रात मागे घेतला. मग तो दगड भरू लागला. आधी पेलतील तेवढे मोठे, नंतर पेलतील तेवढे लहान. पाणी बर्फासारखं होतं. काठावरचे दगड कोरडे असले तरी खालून ओले आणि गुळगुळीत, हातातून निसटायचे. एक निसटून नडगीवर बसला. त्याने पँट वर करून पाहिलं नाही. पाहिलं की दुखतं.

बाजारची गाडी पुलावरून गेली तेव्हा वरून कुणीतरी ओरडलं, "आनाक्लेतो, यंदा दगड पिकले का रे?"

"भाव काय लावलास?" दुसरा ओरडला, आणि गाडीभर हसू झालं.

एका शेळ्यावालीने शेळ्या थांबवून बराच वेळ बघून घेतलं. "घर बांधतोस?" तिने विचारलं.

"नाही."

"मग?"

"ट्रकला दाखवायला नेतोय."

बाई शेळ्या हाकून निघून गेली. पुढे वळणावर तिने एकदा मागे वळून पाहिलं.

त्याला गाडीतल्या हसण्याचं काही वाटलं नव्हतं. पण ती गाडी खाली बाजारगावात जाणार होती, आणि तिथल्या थांब्यासमोरच सेवेरोचं गॅरेज होतं. दगड उचलताना तो तेवढाच विचार करत होता. कंबर ताठली, बोटांची कातडी सोलली, गालातला कोकाच्या पानांचा विडा चोथा झाला. टायर दबलेले दिसले तेव्हा तो थांबला आणि चढाला लागला.

न थांबता चढायचं होतं. इंजिन ओरडत होतं, मागून दगड खडखडत होते. खिंडीत लासारो रस्त्यातच उभा होता, हात करून त्याने ट्रक सरळ आत घेतला.

"इंजिन बंद कर. उतर. चाकाजवळ ये."

डाव्या चाकाच्या आतल्या बाजूने काळी ओली रेघ टायरवर उतरत होती. लासारोने तिला बोट लावून वास घेतला आणि ट्रकखाली शिरला. "पाना दे. मोठा. आणि तू पण ये खाली. तोंड बाजूला ठेव."

अॅक्सलच्या मधल्या गोळ्याला तेल भरायचा एक बोल्ट असतो. लासारोने त्याला पाना लावून हळूहळू सैल केला. शेवटच्या आट्याला आतून फुस्स करून हवा सुटली, आणि सुटतच राहिली. डाळ शिजत असलेल्या कुकरची शिटी कुणी बोटाने उचलावी तशी. गरम तेलाचे शिंतोडे दोघांच्या बाह्यांवर उडाले.

"ऐकलंस?" लासारो म्हणाला.

"काय आहे?"

"हवा आहे. चढताना आतलं तेल तापतं, हवा फुगते. तिला बाहेर पडायला अॅक्सलच्या नळीवर एक बारीक टोपी असते. ती बंद असेल तर हवा कुठून निघेल? सील फाडून. आज डावं, उद्या उजवं. जे कच्चं असेल ते." त्याने हात लांब करून नळीच्या वरच्या बाजूला चाचपलं. "इथे असते. थांब... बॅटरी मार इकडे."

आनाक्लेतोने बॅटरी मारली. नळी चकचकीत चंदेरी होती. तिच्यावर करंगळीच्या पेराएवढा एक उंचवटा होता. तोही चंदेरी. टोपी, तिच्या खालची फट, नळी, सगळं एकाच रंगात एकसंध.

लासारोने त्या उंचवट्यावर नख ओढलं. "हा रंग कुणी लावला?"

कार्निव्हलच्या मंगळवारी इथे घर, नांगर, शिवणयंत्र, ट्रक, जे जे पोटाला घालतं त्या सगळ्याला सजवून दारू पाजतात. धरणीमातेला आधी, मग त्याला. यंदा आनाक्लेतोने ट्रक खालपासून रंगवला होता. शेजारी फक्त दारं आणि बंपर रंगवतात. त्याने उताणं पडून अॅक्सलसुद्धा रंगवला. आशीर्वाद देणारीला खालूनही दिसतं, असं तो त्या दिवशी सगळ्यांना सांगत होता. एक हात कमी वाटला म्हणून तीन हात दिले होते.

"मी," तो म्हणाला.

"छान लावलायस," लासारो म्हणाला. "कुठेच सोडलेलं नाहीस."

दोघं खालून बाहेर येत होते तेव्हा समोर दोन बूट दिसले. आनाक्लेतोने ते बूट लगेच ओळखले. कालच ते ट्रकखालून बाहेर येताना पाहिले होते.

सेवेरो पाववाल्याच्या गाडीतून आला होता. तो दारातच उभा होता, आत पाऊल न टाकता.

"लोक म्हणाले माझा कोंपाद्रे नदीत दगड भरतोय," तो म्हणाला. "मला वाटलं डोक्यावर परिणाम झाला. धावत आलो. बघतो तर इथे."

आनाक्लेतो तसाच जमिनीवर बसून राहिला. "कोंपाद्रे, बैलांसाठी... कासिमिरा म्हणाली..."

"बायकोवर ढकलू नकोस. मी लबाड आहे असं वाटलं तर मला सांगायचं होतंस."

लासारो चष्मा पुसत होता. चष्म्याकडे बघतच तो आनाक्लेतोला म्हणाला, "याला सांग, सील याने चुकीचं बसवलेलं नाही. तसं असतं तर उभं असतानाही गळलं असतं. माझ्या हातूनही याहून चांगलं बसलं नसतं. काम चोख आहे. याला हेही सांग की नळी वाकलेली असती तर एकाच बाजूने गळलं असतं. आणि म्हणावं, खाली जाऊन वरच्या बाजूला हात लाव."

सेवेरोने सगळं ऐकलं होतं. तरी तो आनाक्लेतोकडे बघत राहिला.

"तो म्हणतो..." आनाक्लेतोने सुरुवात केली.

"ऐकू येतं मला." सेवेरो गुडघ्यांवर बसला आणि ट्रकखाली गेला. बाहेर फक्त त्याचे पाय दिसत होते. मग खालून आवाज आला.

"दोनदा. दोनदा मी इथेच उताणा पडलो होतो, याच्याखाली, आणि..." थोडं थांबून, "आणि कार्निव्हलला याच अॅक्सलवर मीच बीअर ओतली. मीच म्हटलं, वा कोंपाद्रे, चांदीचा अॅक्सल! म्हटलं होतं की नाही?"

"म्हटलं होतंस," आनाक्लेतो म्हणाला.

"आणि काल तुझे बैल विकायला सांगितले." ट्रकखालून एक हात बाहेर आला. "कुणीतरी खिळा द्या. हा रंग खरवडतो."

लासारोने खिळा काढला आणि आनाक्लेतोच्या हातात दिला. आनाक्लेतोने तो खाली दिला.

मग काम सुरू झालं. लासारोने डावं चाक घेतलं. सेवेरोने कोट काढून खुंटीला टांगला आणि कुणाला न विचारता उजवं घेतलं. टोपी खरवडून, रॉकेलमध्ये धुऊन, फुंकून बघितली. ड्रम काढले, तेल प्यालेले ब्रेक जाळून कोरडे केले. दोघांच्या मधे आनाक्लेतो उभा.

"याला सांग, सील लाकडाने ठोक, हातोड्याने नको."

"याला सांग, हे उस्तादाने मला तुझ्याआधी शिकवलंय."

"याला सांग, उस्तादाने पहिल्या महिन्यात याला फक्त झाडू दिला होता."

"आणि चहा कोण आणायचं, हेही सांग त्याला."

आनाक्लेतो काहीच सांगत नव्हता. सांगायची गरजही नव्हती. तो पाने देत होता, ग्रीसचा डबा धरत होता आणि सोललेली बोटं अंगरख्याला पुसत होता. एकदा सेवेरोने त्याच्याकडे न बघता विचारलं, "नडगीला काय झालं?" त्याने खाली पाहिलं. पँटला रक्त वाळलं होतं.

"दगड."

"मूर्ख आहेस," सेवेरो म्हणाला, आणि त्या आवाजात आनाक्लेतोला त्याचा नेहमीचा कोंपाद्रे ऐकू आला.

शनिवारी सकाळी लासारोने आनाक्लेतोला दगडांसकट पुन्हा पुलापर्यंत जाऊन वर यायला लावलं. या वेळी सेवेरो शेजारी बसला होता. रात्री तो लासारोच्या गॅरेजमध्येच पोत्यांवर झोपला होता. वर आल्यावर तिघं वाकले. डावं कोरडं. उजवं कोरडं. सेवेरोने टोपीजवळ तळहात नेला. गरम हवा हळूच बाहेर येत होती.

"श्वास घेतोय," तो म्हणाला. हे त्याने लासारोकडे बघून म्हटलं होतं. लासारोने मान हलवली.

दगड रस्त्याकडेला उतरवायला वेळ गेला. लासारोने मजुरी सांगितली ती एका मेंढीच्या किमतीचीही नव्हती. शिवाय दगड कुंपणाला होतील म्हणून ते ठेवून घेतले.

बाजारात जनावरांची बाजू पांगायला लागली होती. आनाक्लेतोने लांबूनच कासिमिराची टोपी ओळखली. पिंतो आणि मोरो तिच्या दोन्ही बाजूंना उभे होते आणि समोर एक जाडजूड कसाई पिंतोच्या पुठ्ठ्यावर थापट्या मारत होता.

"हाडं दिसतात, बाई."

"तुझी दिसत नाहीत म्हणून तुला वाटतं कुणाचीच दिसू नयेत."

"शेवटचं सांगतो." त्याने आकडा सांगितला.

"सकाळी एवढं देणारा माणूस मी हाकलला."

कसाई कपाळ पुसत भावात थोडा वर गेला. मग आणखी वर गेला. आणि शेवटी त्याने तो आकडा सांगितला ज्यात अॅक्सलही बसत होता आणि वरचं थोडंही. कासिमिराने दोर दुसऱ्या हातात घेतला. तेवढ्यात तिला रस्त्यावर उभा ट्रक दिसला, आणि त्यातून लंगडत उतरणारा नवरा.

ती नवऱ्याकडे गेली नाही. कसायाच्या हातात दोर देऊन म्हणाली, "धर जरा," आणि ट्रकच्या मागच्या चाकाशी जाऊन बसली. आतल्या बाजूने हात घातला, हात बाहेर काढून बघितला, वास घेतला. मग दुसऱ्या चाकाशी. सेवेरो केबिनमधून उतरून तिच्या मागे उभा होता. तो काहीतरी बोलायला गेला.

"नंतर," ती म्हणाली. "घरी जेवायला या, तेव्हा बोला. ठेचा करते."

"तुझा ठेचा? मग माझी चूक फारच मोठी दिसते," सेवेरो म्हणाला.

ती परत गेली आणि कसायाच्या हातून दोर काढून घेतला.

"अगं, पण भाव ठरला ना?" कसाई म्हणाला.

"तू ठरवलास. मी ऐकून घेतला. बरं असतं, माणसाला आपल्या बैलांची किंमत ठाऊक असलेली."

कसाई शिव्या देत गेला, पण हसतच गेला. आनाक्लेतोने ट्रकची मागची फळी पाडली आणि सेवेरोने दोन जाड फळ्या उताराला लावल्या. पिंतो आणि मोरो यांनी आयुष्यात ट्रकमध्ये पाय ठेवला नव्हता. मोरोने फळीचा वास घेतला, फुरफुरला, आणि मागे सरला. दोघांनी मागून खांदे लावले. कासिमिरा वर उभी राहून दोर ओढत होती आणि त्याच्याशी बोलत होती, आधी लाडाने, मग त्याच्या आईवरून. शेवटी तो एकदम चढला. त्याच्यामागे पिंतो आपणहून आला, जणू रोजचंच.

"पायी नेले असते तरी चाललं असतं," आनाक्लेतो धापा टाकत म्हणाला.

"पहाटेपासून चालतायत," कासिमिरा म्हणाली. तिने दोर बांधला, चवड्यांवर उभी राहिली आणि पिंतोच्या मानेला डोकं टेकलं. "चल. आता खिंड चढून दाखव."